लोड वाढला की कोअरमधला फ्लक्स वाढतो का?

प्रश्न असा आला आहे: "मी इलेक्ट्रिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सर म्हणतात, ट्रान्सफॉर्मरवर लोड टाका नाहीतर काढा, कोअरमधला फ्लक्स तोच राहतो. पण लोड टाकला की प्रायमरीचा करंट वाढतो, आणि करंट वाढला की फ्लक्स वाढतो हे आम्ही पहिल्या वर्षी शिकलो. मग खरं काय? आणि फ्लक्स लोडने बदलतच नसेल, तर सीटीची सेकंडरी उघडी ठेवू नका असं का सांगतात?"

नव्यांसाठी आधी चार शब्द: प्रायमरी म्हणजे मेनला लावलेलं वाइंडिंग, सेकंडरी म्हणजे लोडकडचं, कोअर म्हणजे ती दोन्ही ज्यावर गुंडाळतात ते लोखंड, आणि सीटी म्हणजे मोठा करंट मोजायला लावतात तो करंट ट्रान्सफॉर्मर. सर बरोबर आहेत. काटेकोर बोलायचं तर लोड टाकल्यावर फ्लक्स किंचित कमीच होतो. पण तुमची शंका फालतू नाही. हाच घोळ माझ्या डोक्यात वेगळ्या दाराने शिरला होता आणि त्याने एक अख्खा ट्रान्सफॉर्मर खाल्ला होता. आधी तेच सांगतो, म्हणजे पुढचा हिशेब कोरडा वाटणार नाही.

मी तेव्हा एका वाइंडिंगच्या दुकानात नवा होतो. दीडशे व्हीएचा (व्होल्ट-अँपिअरचा) एक ट्रान्सफॉर्मर भरायला आला होता. स्टॅम्पिंगची (कोअरच्या पत्र्यांची) मधली दांडी दीड इंच रुंद, थर दीड इंच जाड, म्हणजे सव्वादोन चौरस इंच. मिस्त्रींनी पाटीवर लिहून दिलं होतं: सात भागिले सव्वादोन, व्होल्टला तीन वेढे आणि वर थोडं, २३० व्होल्टला ७१५ वेढे. बारीक तारेचे ७१५ वेढे हाताच्या मशीनवर मोजत बसायचं माझ्या जिवावर आलं. मी डोकं लढवलं. वेढे ४५० च घेतले तर त्याच खिडकीत (कोअरमधल्या वाइंडिंगच्या जागेत) जाड तार बसेल, रेझिस्टन्स कमी होईल, म्हणजे तापणारही कमी. सेकंडरीचे वेढे त्याच प्रमाणात उतरवले की रेशो तोच. मिस्त्री गावाला गेले होते, त्यामुळे अडवायला कोणी नव्हतं.

भरून झालं. सिरीज दिव्यावर लावला. ज्यांनी हा प्रकार पाहिला नसेल त्यांच्यासाठी: नवं काम थेट मेनला न लावता १०० वॅटचा बल्ब मध्ये घालून लावायचं. सेकंडरी मोकळी असताना बल्बची तार जेमतेम लाल दिसली किंवा काळीच राहिली तर काम ठीक. माझा बल्ब चांगला पिवळा पेटला. मला वाटलं, वेढे शॉर्ट झाले असतील. मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) मारला, पुन्हा पाहिलं, शॉर्ट कुठेच नाही. शेवटी थेट मेनला लावला. मोकळ्या ट्रान्सफॉर्मरचा आवाज मधमाश्यांच्या पोळ्यासारखा, अँमीटर पाऊण अँपिअरच्या वर, आणि थोड्याच वेळात वार्निशचा वास. पूर्ण लोडला हा ट्रान्सफॉर्मर साधारण ०.६५ अँपिअर घेणार होता. माझा लोडशिवायच त्याहून जास्त घेत होता. तार जाड होती, रेझिस्टन्स कमी होता, जोडणी बरोबर होती. चुकलं होतं ते फ्लक्सचं.

आता फ्लक्स म्हणजे काय, हे थोडक्यात. पुस्तकात कुठे चुंबकीय अभिवाह म्हणतात, कुठे चुंबकीय प्रवाह. दुकानात फ्लक्सच. नव्या पोराला "फ्लक्स आण" म्हटलं तर तो सोल्डरिंगची डबी घेऊन येतो, ती गोष्ट वेगळी. 'प्रवाह' हा शब्द मला फारसा पसंत नाही, कारण इथे काहीच वाहत नाही. चुंबकीय क्षेत्राची घनता गुणिले ते क्षेत्र ज्या चौकटीतून आरपार जातं तिचं क्षेत्रफळ, एवढाच फ्लक्स. चौकट तिरकी धरली तर तेवढा कमी, क्षेत्राला समांतर धरली तर शून्य. घनता टेस्लामध्ये, फ्लक्स वेबरमध्ये, आणि एक टेस्ला म्हणजे चौरस मीटरला एक वेबर.

घरातल्या दाराच्या चौकटीवरून तार फिरवली आहे असं समजा. दार उत्तरेला तोंड करून आहे आणि चौकट दोन चौरस मीटरची आहे. महाराष्ट्रात पृथ्वीच्या क्षेत्राचा आडवा घटक ४० मायक्रोटेस्लाच्या थोडा आत भरतो. म्हणजे त्या तारेच्या वेढ्यातून ८० मायक्रोवेबरच्या आत-बाहेर फ्लक्स. ट्रान्सफॉर्मरच्या हिशेबात ही धूळ आहे, पण धूळ मोजणारेही असतात. कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अलिबागला हलवावी लागली, कारण मुंबईत विजेच्या ट्राम येणार होत्या आणि त्यांच्या करंटने ही बारीक मोजणी बिघडली असती.

आता मुद्द्याचं. फ्लक्स नुसता आहे, म्हणून व्होल्टेज मिळत नाही. तो बदलला पाहिजे. २९ ऑगस्ट १८३१ ला लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरेडेने लोखंडी कडीवर दोन बाजूंना दोन वाइंडिंग गुंडाळली, एकाला बॅटरी लावली, दुसऱ्याच्या तारेजवळ चुंबकसुई ठेवली. बॅटरी जोडली तेव्हा सुई हलली आणि परत जागेवर आली. बॅटरी काढली तेव्हा उलटी हलली. मधल्या काळात करंट चालू होता, कडीत फ्लक्स भरलेला होता, आणि सुई गप्प होती. वेढ्याला मिळणारं व्होल्टेज फ्लक्स ज्या वेगाने बदलतो त्यावर ठरतं, त्या घडीला फ्लक्स किती आहे यावर नाही. परीक्षेत हे सगळे लिहितात. मात्र तेच वाक्य उलटं वाचायला कोणी शिकवत नाही, आणि वाइंडरचा सगळा धंदा त्या उलट्या वाचनावर चालतो.

उलटं वाचन असं. वाइंडिंगला बाहेरून व्होल्टेज लावलं, तर तारेच्या रेझिस्टन्समध्ये जाणारा थोडासा भाग सोडून बाकीच्या व्होल्टेजला तोडीस तोड व्होल्टेज वाइंडिंगने स्वतः उभं केलं पाहिजे. ते उभं राहतं फक्त फ्लक्स बदलून. म्हणजे लावलेलं व्होल्टेज फ्लक्सला सांगतं की तू अमुक वेगाने बदललंच पाहिजेस. किती वेळ बदलायचं हे फ्रिक्वेन्सी सांगते. एक वेबर म्हणजे एक व्होल्ट-सेकंद, ही व्याख्या नुसती पाठ करायची नाही, रोज वापरायची आहे.

माझ्याच ट्रान्सफॉर्मरवर वापरून पाहू. ५० हर्ट्झला अर्धी सायकल १० मिलिसेकंदांची. २३० व्होल्टची अर्ध्या सायकलमधली सरासरी २०७ व्होल्ट. दोन्हींचा गुणाकार २.०७ व्होल्ट-सेकंद. एवढ्या वेळात फ्लक्स एका टोकाच्या उणे शिखरापासून दुसऱ्या टोकाच्या अधिक शिखरापर्यंत जातो, म्हणून एका शिखराच्या वाट्याला त्याच्या निम्मे, १.०३५. ते वाटायचे ७१५ वेढ्यांत: १.४५ मिलिवेबर. दांडीचं क्षेत्रफळ १४.५ चौरस सेंटीमीटर. भागाकार केला की बरोब्बर एक टेस्ला.

मिस्त्रींचा "सात भागिले चौरस इंच" हा आकडा इथून येतो. सेंटीमीटरमध्ये काम करणारे "पंचेचाळीस भागिले चौरस सेंटीमीटर" म्हणतात, कोणी बेचाळीस धरतात. दोन्हींच्या मागे ५० हर्ट्झ आणि साधारण एक टेस्ला दडलेला आहे. पुस्तकातल्या ट्रान्सफॉर्मरच्या व्होल्टेजच्या सूत्रातलं ४.४४ सुद्धा दुसरं काही नाही: सायकलमध्ये फ्लक्स शिखराच्या चौपट हिंडतो म्हणून ४, आणि सरासरीवरून आरएमएसला (२०७ वरून मीटरवरच्या २३० ला) जायला १.११. मिस्त्री सातवीच्या पुढे शिकले नव्हते, पण त्यांच्या पाटीवर फॅरेडे आकड्यात उतरलेला होता. मी मात्र डिप्लोमा करून तो पुसला.

४५० वेढ्यांवर तोच हिशेब केला तर घनता येते १.५९ टेस्ला. त्यात पत्र्यांमधल्या वार्निशमुळे लोखंडाचं खरं क्षेत्रफळ मापापेक्षा चार-पाच टक्के कमी. शिवाय रात्री लाइन २५० वर जायची. म्हणजे कोअर पावणेदोन टेस्लाच्या पलीकडे ढकलला जात होता. साधं सिलिकॉन स्टील तिथे थकतं, सॅच्युरेट होतं. मोठ्या पॉवर ट्रान्सफॉर्मरमध्ये दाणे एका दिशेला असलेलं सीआरजीओ वापरतात, त्यालाही दीड ते १.७ टेस्लाच्या पट्ट्यातच ठेवतात, कारण दोन टेस्लाच्या आसपास तेही संपतं.

थकतं म्हणजे काय होतं? व्होल्टेज हट्टाने सांगत असतं की फ्लक्स वाढव. लोखंड ताजं असताना थोड्याशा अँपिअर-टर्नमध्ये (करंट गुणिले वेढे) तो वाढवून देतं. थकल्यावर तेवढ्याच वाढीसाठी दसपट, वीसपट अँपिअर-टर्न मागतं. करंट हा इथे फ्लक्सचा मालक नाही, फ्लक्स उभा करायला लोखंडाने घेतलेली मजुरी आहे. ताज्या लोखंडाची मजुरी स्वस्त, थकलेल्याची महाग, आणि हवेची तर विचारूच नका. "करंट वाढला की फ्लक्स वाढतो" हे तुम्ही पहिल्या वर्षी शिकलात ते बॅटरीवर चालणाऱ्या सॉलेनॉइडवर (तारेच्या लांबट कॉइलवर). तिथे व्होल्टेज भागिले रेझिस्टन्स यावरून करंट आधीच ठरतो आणि फ्लक्स त्याच्या मागे जातो. एसी मेनवर लावलेल्या वाइंडिंगमध्ये फ्लक्स आधी ठरतो आणि करंट त्याच्या मागे जातो. सूत्र दोन्हीकडे तेच आहे, फक्त पुढे कोण आणि मागे कोण हे उलटं आहे.

आता लोड. समजा ७१५ वेढ्यांच्या प्रायमरीवर १२ व्होल्टची सेकंडरी आहे, ३७ वेढ्यांची. मोकळी असताना प्रायमरी नुसती मजुरी देते, अँपिअरच्या दहाव्या हिश्शाच्या आतबाहेर. आता सेकंडरीतून १२.५ अँपिअर काढले. ते ३७ वेढ्यांतून फिरतात, ४६२ अँपिअर-टर्न, आणि लेन्झच्या नियमाप्रमाणे ते फ्लक्सच्या विरुद्ध उभे राहतात. क्षणभर फ्लक्स उतरू बघतो. उतरला की प्रायमरीचं उलटं व्होल्टेज मेनला पुरं पडत नाही, म्हणून मेनमधून जास्त करंट आत शिरतो, आणि सेकंडरीचे ४६२ अँपिअर-टर्न खोडले जाईपर्यंत शिरत राहतो. ४६२ भागिले ७१५, म्हणजे ०.६५ अँपिअर. लोडसाठी आलेला हा जादा करंट आणि सेकंडरीचा करंट एकमेकांना कापतात, आणि कोअरच्या वाट्याला परत तीच जुनी मजुरी उरते. प्रायमरीच्या तारेत जरा जास्त व्होल्टेज पडतं, म्हणून फ्लक्स दोन-तीन टक्के कमी. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथे संपलं. मात्र नुसतं वाचून हे पटत नाही, हे मला माहीत आहे. म्हणून एक जळलेली कॉइल दाखवतो.

पॅनेलमधला २३० व्होल्ट एसी कॉइलचा कॉन्टॅक्टर (कॉइलच्या चुंबकाने ओढला जाऊन लागणारा स्विच) घ्या. कॉइल पुन्हा पुन्हा जळते, मेंटेनन्सवाला दर वेळी नवी टाकतो आणि कंपनीला शिव्या देतो. उघडून पाहिलं तर कोअरच्या तोंडावर धूळ नाहीतर गंज, किंवा हलता भाग अडकलेला. कॉन्टॅक्टर पूर्ण ओढला जात नाही, मध्ये हवेची फट राहते. व्होल्टेज तेच, म्हणून फ्लक्सही साधारण तेवढाच हवा. पण आता तो हवेतून न्यायचा आहे, म्हणून मजुरी महाग: बंद झालेल्या कॉन्टॅक्टरच्या सहा ते दहा पट करंट. ओढून घेतानाच्या क्षणापुरता हा करंट कॉइल सोसते, पण फट मिटलीच नाही तर काही मिनिटांत कोळसा. डीसी कॉइलचा कॉन्टॅक्टर असाच अडकवून ठेवा, कॉइलला काही होणार नाही. करंट रेझिस्टन्सने बांधलेला असतो. फट असेल तर तिथे फ्लक्स कमी होतो, एवढंच. एकच कॉन्टॅक्टर, दोन कॉइली, आणि तुमचा सगळा प्रश्न त्यात आहे. जाता जाता: एसी कॉन्टॅक्टरच्या तोंडावर तांब्याचं कडं बसवलेलं असतं ते शोभेला नाही. फ्लक्स सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्या क्षणी पकड सुटू नये म्हणून ते कडं थोडा फ्लक्स मागे रेंगाळत ठेवतं. कडं तुटलं की कॉन्टॅक्टर गुरगुरतो.

ट्रान्सफॉर्मरला डीसी लावला तर का जळतो, तेही याच हिशेबात बसतं. डीसी सतत एकाच दिशेला व्होल्ट-सेकंद भरत राहतो. माझ्या ७१५ वेढ्यांना २३० व्होल्ट डीसी दिले तर साडेचार मिलिसेकंदांत फ्लक्स नेहमीच्या शिखरावर, आणखी तीन मिलिसेकंदांत लोखंड थकलेलं. उलटी अर्धी सायकल कधी येतच नाही. पुढे तारेचा रेझिस्टन्स तेवढा उरतो, तो दहा ओहमच्या आसपास, म्हणजे करंट २३ अँपिअर, आणि तार पाऊण अँपिअरची.

मोठा ट्रान्सफॉर्मर चार्ज करताना (लाइनला जोडताना) जो "धप्प" आवाज येतो आणि कधी कधी उगाच ट्रिप होतो, तोही याचाच धाकटा भाऊ. व्होल्टेज शून्यातून जाताना स्विच लागला, तर पहिली अर्धी सायकल पूर्णच्या पूर्ण एका दिशेला भरते. फ्लक्सला उणे शिखरापासून सुरुवात करायची संधी मिळालेली नसते, तो शून्यापासून निघतो आणि दुप्पट शिखराकडे जातो. त्यात मागच्या वेळचा उरलेला फ्लक्स त्याच दिशेचा निघाला तर बघायलाच नको. करंट रेटिंगच्या आठ-दहा पट उसळतो आणि मग हळूहळू बसतो. व्होल्टेज शिखरावर असताना स्विच लागला असता तर यातलं काही झालं नसतं, पण हाताने तो क्षण साधत नाही. डिफरन्शियल रिलेला (दोन्ही बाजूंचे करंट ताडून ट्रिप करणाऱ्या रिलेला) ही उसळी आणि खरा फॉल्ट यातला फरक कळावा म्हणून तिला करंटमधली दुसरी हार्मोनिक (दुप्पट फ्रिक्वेन्सीचा भाग) ओळखायला शिकवलेलं असतं.

फ्रिक्वेन्सीची भानगड अमेरिकेहून सामान घेऊन परतणाऱ्यांना फार भोवते. एकाने तिकडचा जुना अँप्लिफायर आणला, पाटीवर १२० व्होल्ट ६० हर्ट्झ. इथे स्टेपडाउन लावून बरोब्बर १२० व्होल्ट दिले, तरी आतला ट्रान्सफॉर्मर भाजत होता. १२० भागिले ६० म्हणजे हर्ट्झला दोन व्होल्ट, यासाठी तो बनवलेला. आपल्याकडे हर्ट्झ ५०, म्हणून २.४ व्होल्ट, फ्लक्स २० टक्के जास्त. तिकडच्या कारखान्याने लोखंड जेमतेम घातलेलं असेल तर तो थकतो. मी स्टेपडाउनची टॅप १०० व्होल्टवर घ्यायला सांगितली. अँप्लिफायर थोडा दबका वाजतो, पण थंड राहतो.

हाच गुणोत्तराचा हिशेब व्हीएफडीमध्ये (फ्रिक्वेन्सी बदलून मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हमध्ये). ४१५ भागिले ५०, हर्ट्झला ८.३ व्होल्ट; २५ हर्ट्झला मोटर चालवायची तर ड्राइव्ह साधारण २०७ व्होल्ट देतो, म्हणजे फ्लक्स तोच. स्टार्टिंगला जोर कमी पडतो म्हणून लोक टॉर्क बूस्टचा आकडा डोळे मिटून वाढवतात, आणि मग पाच हर्ट्झला रिकामी मोटर तापते म्हणून फोन येतो. बूस्ट म्हणजे कमी फ्रिक्वेन्सीला जादा व्होल्ट, म्हणजेच जादा फ्लक्स. थोडा लागतो, कारण तिथे तारेच्या रेझिस्टन्सचा वाटा मोठा असतो. जास्त झाला की माझ्या ४५० वेढ्यांची गत. उलट दिशेला मोबाइलचा चार्जर पाहा. ५० किलोहर्ट्झला अर्धी सायकल १० मायक्रोसेकंदांची, म्हणजे तेवढ्याच व्होल्टेजला व्होल्ट-सेकंद हजारपट कमी. म्हणून जुन्या एलिमिनेटरमध्ये मुठीएवढा ट्रान्सफॉर्मर होता आणि आता बोटाच्या पेराएवढा फेराइटचा तुकडा पुरतो, तोही ०.३ टेस्लाच्या पुढे फारसा न जाता.

आता फ्लक्स कमी पडला की काय होतं ते शेतकऱ्याला विचारा. फीडरच्या (वीज आणणाऱ्या लाइनच्या) शेपटाला ४१५ च्या जागी ३०० व्होल्ट. "व्होल्टेज कमी, तर मोटर कमी तापायला पाहिजे," असं शिकलेली माणसंही मला म्हणाली आहेत. ३०० व्होल्टला फ्लक्स ७२ टक्क्यांवर येतो. टॉर्क म्हणजे फ्लक्स गुणिले रोटरचा (मोटरच्या फिरत्या भागाचा) करंट. पंपाला पाणी तेवढंच उचलायचं आहे, वेग जरा पडला तरी मागणी फार कमी होत नाही, म्हणून रोटर मागे घसरून स्लिप वाढवतो आणि सुमारे १.४ पट करंट ओढतो. उष्णता करंटच्या वर्गाने, जवळपास दुप्पट. सुरुवातीचा टॉर्क तर व्होल्टेजच्या वर्गाने पडतो, निम्म्यावर येतो, त्यामुळे कधी कधी मोटर उठतच नाही, नुसती हुंकारत उभी राहते. ओव्हरलोड रिले "सारखी ट्रिप होते" म्हणून आधीच पिळून ठेवलेली असते. रात्रीच्या पाळीला कोणी शेतावर नसतं. सकाळी वास येतो.

नको तिथल्या फ्लक्सबद्दलही दोन शब्द. एका कारखान्यात नवं पॅनेल बसवलं होतं, चार सिंगल कोअर केबली, चार वेगवेगळ्या भोकांतून, खाली लोखंडी ग्लँड प्लेट (केबली आत घ्यायची प्लेट). काही शे अँपिअर लोड आल्यावर प्लेट इतकी तापली की ग्लँडचे रबर मऊ पडले. लग्स (केबलच्या टोकाच्या जोडण्या) घट्ट होते, केबल योग्य मापाची होती. प्रत्येक केबलभोवती तिचा स्वतःचा फ्लक्स त्या लोखंडात फिरत होता आणि प्लेटलाच शॉर्ट झालेली सेकंडरी बनवत होता. चारही केबली एकाच भोकातून नेल्या असत्या तर येणारा-जाणारा करंट मिळून शून्य, फ्लक्सही शून्य. आम्ही प्लेट अॅल्युमिनियमची केली. काही जण भोकांमध्ये करवतीने चीर पाडून वर्तुळ तोडतात, तेही चालतं. क्लँप मीटरमध्ये फेज-न्यूट्रल दोन्ही तारा एकत्र धरल्या की शून्य दिसतं ते याच कारणाने, आणि घरातली आरसीसीबी (करंट गळला की सप्लाय तोडणारी) त्या शून्यावरच जगते. ३० मिलिअँपिअर जमिनीत गळले की कोअरमध्ये शिल्लक फ्लक्स उभा राहतो आणि ती सुटते.

राहिला सीटी. इथे परत मालक बदलतो, म्हणून तुम्हाला तो विरोधाभास वाटला. सीटीची प्रायमरी ही बसबारच आहे (पॅनेलमधली मुख्य करंट नेणारी पट्टी), एक वेढा. तिच्यातून किती करंट जाईल हे फॅक्टरीचा लोड ठरवतो. बिचाऱ्या सीटीला त्यात काही मत नाही. २००/५ चा सीटी घ्या, सेकंडरी ४० वेढ्यांची. बसबारचे २०० अँपिअर-टर्न, सेकंडरीचे ५ गुणिले ४० म्हणजे २००, विरुद्ध दिशेला. दोन्ही जवळजवळ पूर्ण कापतात, उरलेल्या एखाद-दोन अँपिअर-टर्नवर कोअर चालतो. सेकंडरीला मीटर आणि तारा मिळून एक व्होल्ट लागत असेल, तर ४० वेढ्यांना त्यासाठी ०.११ मिलिवेबर पुरतो. पाच चौरस सेंटीमीटरच्या कोअरमध्ये ते पाव टेस्लाही नाही. कोअर झोपलेला असतो.

आता चालू लोडवर अँमीटर काढला आणि शॉर्टिंग लिंक (सेकंडरीची दोन टोकं जोडून ठेवणारी पट्टी) लावायची राहिली. सेकंडरीचे २०० अँपिअर-टर्न गेले, बसबारचे २०० तसेच. ट्रान्सफॉर्मरमध्ये अशा वेळी मेनचा करंट आपोआप उतरला असता; इथे उतरत नाही, कारण तो सीटीच्या हातात नाही. एखाद-दोन अँपिअर-टर्नवर चालणाऱ्या कोअरवर अख्खे २०० पडतात. तो सायकलचा बहुतेक वेळ ठार सॅच्युरेट राहतो आणि बसबारचा करंट शून्यातून जाताना एका झटक्यात या टोकाहून त्या टोकाला उलटतो. फ्लक्सचा अख्खा पल्ला मिलिसेकंदाच्या लहानशा तुकड्यात. वेग प्रचंड, म्हणून ४० वेढ्यांवर शेकडो व्होल्टचे सुळे, आणि मोठ्या रेशोच्या, हजारभर वेढ्यांच्या सीटीवर हजारो व्होल्टचे. माणसाला ते पुरेसे असतात. माणूस वाचला तरी इन्सुलेशन जातं, कोअर तापतो, आणि नंतर उरलेल्या फ्लक्समुळे तो सीटी काही काळ मीटरला खोटं सांगत राहतो.

तेव्हा प्रॅक्टिकलला पॅनेलसमोर उभे राहाल, तेव्हा आधी टर्मिनल ब्लॉकवरची लिंक घट्ट करा, क्लँप मीटरने त्या लिंकच्या तारेत करंट आला का ते पाहा, आणि मगच अँमीटरच्या स्क्रूला हात लावा.